चौथीच्या मुली जिन गाळत नाहीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत सेंट ट्रिनियन्स या मुलींच्या एका काल्पनिक ब्रिटिश शाळेच्या चित्रपटांवर आलेला लेख आम्ही आवडीने वाचला. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका ब्रिटिश विनोदी चित्रपटाला मराठी वृत्तपत्रात अर्धं पान मिळालं, याचा आनंदच आहे. पण लेखात काही चुका राहून गेल्या आहेत, आणि त्यातली एक अशी आहे की तिच्यामुळे अख्खा चित्रपट उलटा समजतो. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

लेखात म्हटलं आहे की शाळेतल्या 'चौथीच्या चिमुरड्या' प्रयोगशाळेत दारू गाळतात आणि 'सहावीच्या मुली' शर्यतीचा घोडा पळवतात. मूळ शब्द आहेत फोर्थ फॉर्म आणि सिक्स्थ फॉर्म. हे इयत्तांचे आकडे नव्हेत. ब्रिटनमधल्या जुन्या माध्यमिक शाळांत साधारण अकराव्या वर्षी प्रवेश होई आणि तिथून फर्स्ट फॉर्मची मोजणी सुरू होई. त्या हिशेबाने फोर्थ फॉर्ममधली मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. सिक्स्थ फॉर्म तर दोन वर्षांचा असतो, लोअर आणि अप्पर, म्हणजे वय सोळा ते अठरा. आपल्या भाषेत सांगायचं तर एक गट नववी-दहावीचा आणि दुसरा अकरावी-बारावीचा. पडद्यावर फोर्थ फॉर्ममधल्या काही मुली त्याहून लहान दिसतात हे खरं, पण म्हणून त्यांना चौथीत बसवता येत नाही.

हा शब्दांचा कीस नाही. १९५४ सालच्या 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स' या पहिल्या चित्रपटाचा सगळा डोलारा या दोन गटांवर उभा आहे. (नावातल्या 'बेल्स'चा घंटेशी संबंध नाही. त्याचा अर्थ लावण्यवती. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, त्यामुळे हे सांगून टाकलेलं बरं.) मकयाद नावाच्या काल्पनिक देशाचा सुलतान आपली मुलगी फातिमा हिला या शाळेत घालतो. त्याच्या अरब बॉय नावाच्या घोड्याचा तबेला जवळच असतो. फोर्थ फॉर्मच्या मुली घोड्याचा दम पाहतात आणि त्याच्यावर पैसे लावतात. सिक्स्थ फॉर्मचे पैसे दुसऱ्या घोड्यावर असतात. मुख्याध्यापिका मिस मिलिसंट फ्रिटन यांची शाळा कर्जात बुडालेली, म्हणून त्याही उरलासुरला पैसा अरब बॉयवर लावतात. त्यांचा भाऊ क्लॅरन्स बुकी आहे आणि अरब बॉय जिंकला तर तो खड्ड्यात जाणार, म्हणून त्याने आपली मुलगी अ‍ॅराबेला शाळेत पुन्हा घुसवलेली. मोठ्या मुली घोडा पळवतात, धाकट्या तो त्यांच्याकडून परत पळवतात आणि थेट वसतिगृहात नेऊन दडवतात.

यात खोड्या कुठे आहेत? लेखाचं शीर्षक होतं 'खोडकर मुलींची धमाल'. आमचा मुख्य आक्षेप या शब्दावर आहे. खोडी काढणाऱ्या मुलाला फक्त समोरच्याची फजिती हवी असते, त्यातून त्याला काही कमवायचं नसतं. सेंट ट्रिनियन्सच्या मुलींचं तसं नाही. त्यांच्याकडे उत्पादन आहे, वितरण आहे, गुंतवणूक आहे आणि वसुलीसुद्धा आहे. शाळेचा खरा कारभार त्या चालवतात, मोठी माणसं त्यात फक्त नोकरीला आहेत. हे लक्षात ठेवून चित्रपट पाहिला तर प्रत्येक प्रसंग जागेवर बसतो. खोड्या म्हणून पाहिला तर अर्ध्या तासात त्याच त्या आरडाओरड्याचा कंटाळा येतो.

जिनचंच उदाहरण घ्या. जिन म्हणजे मुळात शुद्ध मद्यार्क, त्याला ज्युनिपरच्या फळांचा वास दिलेला. त्यासाठी ऊर्ध्वपातन करावं लागतं, आणि ऊर्ध्वपातनाचं साहित्य कुठल्याही शाळेच्या प्रयोगशाळेत असतंच: गोल बुडाचा चंबू, बर्नर, पाण्याने थंड होणारी काचेची नळी, खाली धरलेलं पात्र. बाहेरून नवीन काही आणावं लागत नाही. म्हणून रसायनशास्त्राच्या तासाला मुली मन लावून काम करतात, आणि विनोद नेमका इथे आहे, की एवढी शिस्त त्या शाळेत दुसऱ्या कुठल्याच तासाला दिसत नाही. तयार माल बाहेर नेऊन विकतो फ्लॅश हॅरी. जॉर्ज कोलने रंगवलेलं हे पात्र झुडपातून अवतरतं, बारीक मिशी, डोक्यावर तिरकी हॅट, पावलं भराभर, आणि तो चालू लागला की माल्कम अर्नल्डची तीच ठेक्यातली धून मागे सुरू होते.

फ्लॅश हॅरीला लेखात 'गुंड' म्हटलं आहे. तो गुंड नाही, तो स्पिव्ह आहे, म्हणजे टंचाईचा माल काळ्या बाजारात विकणारा. हा शब्द त्या काळच्या ब्रिटनमधला. युद्धकाळात सुरू झालेलं रेशनिंग युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं चाललं. साखर १९५३ च्या सप्टेंबरमध्ये खुली झाली आणि मांसावरचं नियंत्रण ४ जुलै १९५४ रोजी उठलं. चित्रपट आला त्याच वर्षीच्या, म्हणजे १९५४ च्या, सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे तिकीट काढून बसलेल्या प्रत्येक माणसाने आदल्या दशकात कधी ना कधी कोपऱ्यावरच्या एखाद्या हॅरीकडून मोजे, लोणी किंवा पेट्रोल घेतलेलं होतं, किंवा घेणारा शेजारी तरी पाहिला होता. हॅरीला पाहून लोक हसले ते ओळखीने. तो मारामारी करत नाही, दमदाटी करत नाही. त्याच्याकडे माल असतो, एवढंच.

तो मुलींचे पैसे शर्यतीवर लावायला नेतो, त्यालाही एक कायद्याची बाजू आहे आणि ती आज सहज निसटते. तेव्हा ब्रिटनमध्ये शर्यतीच्या मैदानावर रोख पैसे लावणं कायदेशीर होतं, मैदानाबाहेर नव्हतं. ज्यांचं बुकीकडे खातं असे ते टेलिफोनवरून उधारीवर लावत. साध्या माणसाचे रोख पैसे मात्र रनर नावाचा मधला माणूस चोरून पोचवत असे. हे बदललं १९६० च्या कायद्याने, आणि रस्त्यावरची पहिली कायदेशीर बेटिंगची दुकानं १ मे १९६१ रोजी उघडली. म्हणजे १९५४ मध्ये हॅरी शाळेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या एका खिशात बेकायदा दारूचा हिशेब असतो आणि दुसऱ्या खिशात बेकायदा जुगाराचे पैसे. आणि बखोटीला धरून त्याला हाकलण्याऐवजी मुख्याध्यापिका त्याच्याशी भाव ठरवतात!

मग सरकार काय करतं, हा प्रश्न लेखात विचारला आहे आणि 'चित्रपटात तर्क शोधू नये' असं त्याचं उत्तर दिलं आहे. तर्क आहे, आणि तो पक्का आहे. ही शाळा खासगी. खासगी शाळांनी नोंदणी केलीच पाहिजे आणि त्या निकृष्ट निघाल्या तर बंद करता येतील, अशी तरतूद १९४४ च्या शिक्षण कायद्यात होती. पण कायद्याचा तो भाग प्रत्यक्षात लागू झाला ३० सप्टेंबर १९५७ रोजी. चित्रपटाच्या वेळी शिक्षण खात्याच्या हातात फारसं काही नव्हतंच. म्हणून खातं एकामागून एक निरीक्षक धाडतं, ते परत येत नाहीत, आणि शोध घेतल्यावर कळतं की ते शाळेच्या आवारातच आरामात राहत आहेत. पोलीसही उघडपणे आत शिरू शकत नाहीत, म्हणून सार्जंट रूबी गेट्सला खेळाच्या बाईंच्या वेशात पाठवावं लागतं. जॉइस ग्रेनफेलची ही रूबी पहिल्या तिन्ही चित्रपटांत आहे. उंच, अवघडलेली, प्रामाणिक, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याशी लग्न होईल या आशेवर जगणारी.

लेखात हा चित्रपट ईलिंग स्टुडिओच्या नावावर टाकला आहे. तो ईलिंगचा नव्हे. फ्रँक लाँडर आणि सिडनी गिलियट या जोडीने तो केला, दिग्दर्शन लाँडरचं, आणि पटकथेत व्हॅल व्हॅलेंटाइन हे तिसरे. लाँडर-गिलियट मुळात पटकथाकार. हिचकॉकच्या १९३८ सालच्या 'द लेडी व्हॅनिशेस'ची पटकथा त्यांचीच. कुठली वस्तू कुणाच्या हाती आहे आणि ती कुणाला माहीत नाही, याचा हिशेब ठेवण्यात हे दोघे तरबेज. घोड्याची जी पळवापळवी चालते ती वरवर गोंधळ वाटते, पण कुठल्याही क्षणी थांबवून विचारा, घोडा कुणाकडे, कुणाला ठाऊक, कुणाचे पैसे धोक्यात? तिन्ही उत्तरं लगेच देता येतात. विनोदी चित्रपटात हे जमलं नाही की प्रेक्षक हसायचा थांबतो, कारण त्याला कशाची भीती वाटायला हवी तेच कळेनासं होतं.

आता अलास्टेअर सिम. लेखात लिहिलं आहे की 'पुरुषाने बाईचा वेश घेऊन अंगविक्षेप केल्याने हशा पिकतो'. या वाक्याने आम्हाला खरंच वाईट वाटलं. सिमने मिलिसंट आणि क्लॅरन्स या दोन्ही भूमिका केल्या आहेत, आणि मिस फ्रिटन म्हणून त्याने एकही अंगविक्षेप केलेला नाही. पँटोमाइम या ब्रिटिश विनोदी नाट्यप्रकारात पुरुषाने बाई होण्याची जुनी प्रथा आहे. तिथे खोटी छाती, भडक रंग, घोगरा आवाज आणि प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारणं हे सगळं असतं. 'मी पुरुष आहे हे तुम्हाला माहीत आहे' हा त्या खेळाचा करारच. सिम हा करार मोडतो. त्याची मिस फ्रिटन जुन्या एडवर्डियन थाटाची, उंची कपडे घातलेली, आवाज लाडिक आणि जरासा वाहवत जाणारा. चित्रपटातल्या एकाही पात्राला ती विचित्र वाटत नाही. पाच मिनिटांत आपणही विसरतो. आणि विसरल्यामुळेच तिच्या तोंडचं बोलणं लागतं, कारण हसू वेशाला येत नाही, एक सुसंस्कृत, थकलेली, कर्जबाजारी बाई जाळपोळीची गोष्ट चहाच्या कपाएवढ्या सहजतेने बोलते त्याला येतं. अ‍ॅराबेलाला शाळेतून काढलेलं असतं ते खेळाचं पॅव्हेलियन जाळल्याबद्दल. मिस फ्रिटन त्या गोष्टीकडे खर्चाची बाब म्हणून पाहतात.

व्यंगचित्रकार रोनाल्ड सर्ल यांचं नाव लेखात एका ओळीत उरकलं आहे. त्यांच्याशिवाय यातलं काहीच नाही. सर्ल १९२० साली केंब्रिजमध्ये जन्मले. सैन्यात असताना त्यांची स्कॉटलंडमधल्या कर्कुब्री गावी एका कुटुंबाशी ओळख झाली. त्या घरच्या मुली एडिंबरामधल्या सेंट ट्रिनियन्स याच उच्चाराच्या शाळेत जात (स्पेलिंग वेगळं). त्या मुलींच्या करमणुकीसाठी काढलेलं व्यंगचित्र ऑक्टोबर १९४१ मध्ये 'लिलिपुट' मासिकात छापून आलं. चित्रात मुली सूचनाफलकाभोवती जमल्या आहेत, आणि फलकावर लिहिलं आहे की आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे सेंट ट्रिनियन्सबरोबरचा सामना पुढे ढकलला आहे. एवढंच. विनोद गोड आहे, निरुपद्रवी आहे.

चार महिन्यांनी, फेब्रुवारी १९४२ मध्ये, सिंगापूर पडलं आणि तिथे तैनात असलेले सर्ल जपान्यांचे कैदी झाले. चांगीचा तुरुंग, सयाम-बर्मा रेल्वेवरची मजुरी, मलेरिया, उपासमार. मिळेल त्या कागदावर त्यांनी सोबत्यांची चित्रं काढली आणि कॉलऱ्याने मरणाऱ्या कैद्यांच्या अंथरुणाखाली दडवली, कारण पहारेकरी तिथे हात लावायला धजत नसत. त्यातली सुमारे ३०० चित्रं वाचली. आज ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. सुटका झाल्यावर सर्लनी सेंट ट्रिनियन्स पुन्हा काढायला घेतलं, आणि आता मुलींच्या हाती सूचनाफलक नव्हता. बाटल्या होत्या, चाकू होते, फाशीचे दोर होते. काटेरी केस, काळे मोजे, जिमस्लिपची, म्हणजे शाळेच्या बिनबाह्यांच्या झग्याची, चुण्या घातलेली कडा, आणि रेघ अशी की कागद ओरखडल्यासारखी वाटावी. छावणीतून हे आलं असं सरळ समीकरण मांडणं सोपं आहे, पण दोन्ही काळातली चित्रं शेजारी ठेवून पाहिली की फरक डोळ्यांना टोचतो. १९५३ मध्ये एका पुस्तकात त्यांनी ही शाळा अणुस्फोटात उडवून दिली, कारण त्यांना तिचा कंटाळा आला होता. पुढच्याच वर्षी चित्रपट आला आणि शाळा त्यांच्या हातातून कायमची निसटली.

एक योगायोग इथे सांगितलाच पाहिजे. या चित्रपटाला संगीत देणाऱ्या माल्कम अर्नल्डला ऑस्कर मिळालं ते 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी, म्हणजे ज्या रेल्वेवर सर्लनी माती वाहिली त्याच रेल्वेवरच्या चित्रपटासाठी.

एडिंबराची खरी शाळा मिस फ्रेझर ली यांनी १९२२ मध्ये काढली आणि ती १९४६ मध्ये बंद झाली. तिथे डाल्टन पद्धत चाले. विद्यार्थिनीला महिन्याभराचं काम नेमून दिलं जाई, आणि ते कुठल्या क्रमाने, कुठल्या वेळी करायचं हे तिचं तिने ठरवायचं. घंटेचा धाक कमी, स्वतःवरची जबाबदारी जास्त. 'तिथल्या मुली वाटेल ते करतात' ही अफवा त्यातून पसरायला वेळ लागला नसेल. पण आम्हाला त्यात दुसरंही काही दिसतं. चित्रपटातल्या मुली नेमकं हेच करतात. काम वाटून घेतात, वेळ ठरवतात, तडीस नेतात. फक्त काम बदललं आहे.

पुढच्या चित्रपटांबद्दल लेखात 'एकाहून एक सरस' म्हटलं आहे, ते मान्य करणं कठीण आहे. १९५७ च्या दुसऱ्या चित्रपटात सिम जेमतेम काही क्षण दिसतो, कारण मिस फ्रिटन तुरुंगात आहेत. तिथेच पाया हलला. मुली युरोपभर फिरतात, रोमला पोचतात, प्रसंग मजेदार आहेत, पण शाळा नावाचा बंदिस्त कारखाना मागे राहतो. १९६० चा तिसरा आणखी विस्कळीत. १९६६ चा 'द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी' मात्र आम्ही आवर्जून पाहा म्हणू. मालिकेतला हा पहिला रंगीत चित्रपट. ८ ऑगस्ट १९६३ रोजी बकिंगहॅमशरमध्ये टपालगाडी अडवून सुमारे २६ लाख पौंड लुटले गेले होते, त्या ताज्या घटनेवर तो बेतलेला. चित्रपटात दरोडेखोर लूट एका रिकाम्या वाड्यात दडवतात, मग त्याच वाड्यात सेंट ट्रिनियन्स राहायला येते, आणि टोळीचा म्होरक्या आपल्याच मुलींना तिथे विद्यार्थिनी म्हणून घालतो. शेवटची आगगाड्यांची पळापळ हॅम्पशरमधल्या लाँगमूर या लष्करी रेल्वेवर चित्रित झाली आहे. खरे रूळ, खरे सांधे, खरी वाफेची इंजिनं. सांधा कुणी, कधी बदलला हे प्रत्येक वेळी आपल्याला आधी दाखवलं जातं आणि गाडी मागाहून वळते. म्हणूनच ती पळापळ समजते.

१९८० चा पाचवा चित्रपट पडला. त्यात मुली संघटना काढून संप करतात. कल्पना वाईट नव्हती, पण संप म्हणजे काम बंद, आणि या मुलींचं काम बंद पडलं की पाहण्यासारखं काही उरत नाही. २००७ मध्ये रूपर्ट एव्हरेटने सिमसारखीच बहीण-भावाची दुहेरी भूमिका केली. त्यात चॅव्ह, इमो, गीक अशा पेहराव-सवयींवरून पडलेल्या गटांत मुली विभागल्या आहेत आणि विनोद पुष्कळदा वेशभूषेवरच थांबतो. तरी तो उभा राहतो, कारण शाळा पुन्हा कर्जात आहे आणि मुलींना पुन्हा एक काम आहे: लंडनच्या नॅशनल गॅलरीतून डच चित्रकार व्हर्मीरचं 'मोत्याचं कर्णभूषण घातलेली मुलगी' हे चित्र चोरणं, तेही शालेय प्रश्नमंजूषेच्या अंतिम फेरीच्या आडून. हे चित्र लंडनचं आहे असं लेखात आलं आहे. प्रत्यक्षात ते नेदरलँड्समधल्या हेग शहरातल्या माउरित्सहाउस या संग्रहालयाचं.

शेवटी, हा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावा अशी सूचना लेखात आहे. ती उत्तम आहे. १९५४ चा चित्रपट ९१ मिनिटांचा, कृष्णधवल, आणि त्याची चौकट आजच्या पडद्यापेक्षा चौकोनी आहे. ती ताणून पडदाभर केली तर सगळ्या मुली बुटक्या दिसतील आणि सर्लच्या काटक्यांसारख्या पायांची आठवणही राहणार नाही. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. सुरुवातीची काही मिनिटं उशिरा येणाऱ्यांसाठी वाया घालवू नयेत. सत्र सुरू होऊन मुली परत येत आहेत हे कळताच गावकरी दुकानांना फळ्या ठोकतात आणि दडून बसतात, तिथेच पुढच्या सगळ्याचा सूर लागतो.

उपशीर्षकं करणाऱ्याने काही शब्द आधीच पक्के करून ठेवावेत. फोर्थ आणि सिक्स्थ फॉर्मला 'धाकट्या' आणि 'थोरल्या' म्हटलं तरी चालेल, आकडा नको. 'गेम्स मिस्ट्रेस' म्हणजे खेळाच्या बाई. 'ओल्ड गर्ल्स' म्हणजे माजी विद्यार्थिनी. त्या शेवटच्या धुमश्चक्रीत येऊन थडकतात तेव्हा 'म्हाताऱ्या' असं लिहिलं गेलं तर प्रसंगच कोसळेल. पब्लिक स्कूल म्हणजे तिथे फी घेणारी खासगी शाळा, सरकारी नव्हे. शर्यतीचा 'टेन टू वन' हा भाव म्हणजे 'दहा ते एक' नव्हे. एक पौंड लावला तर दहा पौंड नफा आणि लावलेला एक परत, असा त्याचा अर्थ, आणि मराठीत 'एकास दहा' लिहिलं की पुरे.

सर्वांत अवघड मिस फ्रिटन यांचं ते प्रसिद्ध वाक्य आहे. इतर शाळांतून मुली निर्दय जगात तयारीविना जातात, आमच्या शाळेतून मुली गेल्या की तयारी त्या निर्दय जगाला करावी लागते. यात 'तयारी' आणि 'निर्दय जग' हे दोन्ही दोनदा यायलाच हवेत, आणि दुसऱ्या वेळी जागा बदलून. पहिल्या अर्ध्यात 'सज्ज' आणि दुसऱ्यात 'तयारी' असं शब्दवैभव दाखवलं की विनोद गेला. सिम हे वाक्य सावकाश म्हणतो, मध्ये थांबतो. म्हणून दोन्ही अर्धे एकदम पडद्यावर आणू नयेत. पहिला वाचून होऊ द्यावा, तो जाऊ द्यावा, आणि दुसरा त्याच्या तोंडून सुटेल तेव्हाच यावा.

आपले,
जुन्या ब्रिटिश चित्रपटांचे काही अभ्यासक